न हललेली बाई

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा त्याच वळणावर आपटले! आज कितव्यांदा, मोजणं सोडून दिलं.

बंगलोरच्या बसवनगुडीचा ट्रॅक. बोगनवेलीची भिंत, मग एकदम उजवीकडे वळण, आणि तिथे ती बाई. म्हातारी. अंगभर पदर, हातात कापडी पिशवी. रस्त्याच्या इतकी कडेला उभी की दर वेळी वाटतं, आता हिला धडक बसणार. मी बोर्ड डावीकडे झुकवते आणि खांबावर जाते. फळी उलटी, मी उलटी, स्क्रीन लाल — आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात! थोडं मागे टाकलं तर चालेल, पण नाही. पार सुरुवातीला!

तीन महिने हेच काम. दिवसभर खेळायचं आणि काय बिघडलंय ते लिहायचं. आई नागपूरला सगळ्यांना सांगते, "शाल्मली कम्प्युटरमध्ये आहे." मुलगी होव्हरबोर्डच्या शर्यती खेळते, हे तिला सांगवत नाही.

गेमचं नाव 'गाळी'. कानडीत वारा. आणि खरं सांगायचं तर तरंगणं फार सुंदर जमलंय. पाय जमिनीला नाहीत हे तळव्यांना कळतं. झुकलं की पोटात गोळा येतो. बोर्डचा तो बारीक गुंजारव, खाली रस्त्यावर धावणारी आपलीच सावली — यासाठी लोक गेम घेतील. बाकी वैतागच आहे. कॅमेरा वळणावर भलतीकडे बघतो. कॉम्प्युटरचे स्पर्धक कितीही मागे टाकले तरी शेवटी मानगुटीवर येऊन बसतात, चक्क लबाडी! तिरकं आपटलं की भिंत कधी कधी बोर्ड गिळून टाकते. आणि ब्रेक नाही. थांबायचं असेल तर आपटायचं, दुसरा उपाय नाही.

४ नोव्हेंबर

ती आज दुसऱ्या ट्रॅकवर दिसली. बागेजवळच्या बाकावर. तीच पिशवी.

५ नोव्हेंबर, बुधवार

गिरीराजला विचारलं. ट्रॅकवरचे रस्ते, घरं, झाडं हे सगळं त्याचं खातं. धारवाडचा आहे, आजोळ मराठी, त्यामुळे माझ्याशी मराठी बोलतो. "स्वल्प स्वल्प येतं," म्हणतो, पण चांगलं बोलतो.

म्हटलं, "ती म्हातारी फार अवघड जागी ठेवलीय रे."

"कुठली म्हातारी?"

दाखवली. आपटूनच दाखवावी लागली, थांबता कुठे येतं! तो खुर्ची ओढून जवळ आला. रस्त्यावरून फिरणारी जी माणसं आम्ही गेममध्ये घातलीत त्यांची यादी उघडली. ती त्यात नाही. कुणी बनवलेलीच नाही.

मग त्यानं समजावलं. जानेवारीत त्यांनी गाडीवर कॅमेरे लावून हे खरे रस्ते टिपले. एकेका गल्लीतून पुन्हा पुन्हा गाडी नेली. सॉफ्टवेअर ते सगळे फोटो एकमेकांवर ठेवतं. जे हललं ते पुसून टाकतं — माणसं, स्कूटर, कुत्री. जे हललं नाही ते ठेवतं. झाडं, खांब, भिंती.

"आणि ही?"

"ही हलली नसेल."

"म्हणजे ही खरी बाई आहे?"

"होती की. त्या दिवशी तिथं होती."

स्क्रीन मोठी केली. डोळ्यांच्या जागी नुसते पुसट डाग. तोंड किंचित उघडं. गिरीराज म्हणाला, "शुक्रवारी गेमचं नवं बिल्ड येतं, त्यातून काढून टाकतो हिला. लोक घाबरतील."

मी हो म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत माझ्या लॅपटॉपवर जुनं बिल्ड उतरवून घेतलं. का, ते माहीत नाही.

६ नोव्हेंबर

सकाळी मी राहते त्या पीजीच्या जिन्यात एक बाई उभी होती. नुसती उभी. तिनं हात हलवून केस बांधेपर्यंत मला पुढची पायरी उतरता येईना.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नवं बिल्ड आलं. वळण मोकळं. बोगनवेल, खांब, रस्ता. मी निश्चिंत होऊन बोर्ड आतून घेतला, अगदी ती उभी असायची त्या जागेवरून — आणि आपटले!

समोर काही नाही. स्वच्छ ऊन पडलंय. पुन्हा गेले, पुन्हा आपटले. हळू जाऊन बघितलं. बोर्डचं टोक हवेत कशाला तरी टेकलं आणि घसरत बाजूला गेलं, माणसाच्या खांद्यावरून घसरावं तसं.

गिरीराज हसला. "चित्र काढलं, आकार काढायचा राहिला. दिसत नाही, पण लागते."

बग लिहिला : वळणावर अदृश्य अडथळा. लिहून झाल्यावर जाऊन तोंड धुऊन आले.

८ नोव्हेंबर, शनिवार

गेलेच शेवटी. राजाजीनगरहून मेट्रोनं नॅशनल कॉलेज, मग चालत. शेंगांच्या जत्रेच्या दुकानांसाठी बांबू येऊन पडलेत. दर वळणावर अंग आपोआप झुकतं! या गल्ल्या मला पाठ आहेत, आणि मी इथे कधी पाऊल टाकलेलं नाही. एका आजोबांनी ओट्यावरून विचारलं, "यार बेकु अम्मा?" कोण हवंय? काय सांगणार.

बोगनवेलीची भिंत आली. खांब आला. गेममधला खांब कोरा आहे. या खांबावर एक कागद होता, ऊन-पावसानं पिवळा पडलेला. मला कानडी वाचता येत नाही, पण फोटो ओळखता येतो. तोच पदर. आणि डोळे. पहिल्यांदा तिचे डोळे बघितले.

कानडीखाली मराठीतही लिहिलेलं होतं. 'गंगव्वा. वय ६८. जानेवारीत घरातून निघून गेल्या आहेत. विसरण्याचा आजार आहे.' खाली फोन नंबर.

तिथूनच लावला. एका मुलीनं उचलला. मी म्हटलं, "मी तुमच्या पोस्टरबद्दल..."

"कुठं बघितलासा ओ? आत्ता? कुठं हाय ती?"

आता हिला काय सांगू! म्हटलं, "आत्ता नाही. जानेवारीतली दिसली. एका गेममध्ये."

मला वाटलं, शिवी देऊन ठेवणार. मग ती म्हणाली, "जित्ती दिसती का त्यात?"

१० नोव्हेंबर, सोमवार

फोनवरची ती मुलगी, प्रणिता, व्हाइटफील्डहून आली. निपाणीची. कॉल सेंटरसारखं काही काम करते, पीजीत राहते, माझ्यासारखीच. माझ्याहून लहान आहे पण डोळ्यांखाली काळं झालंय. ऑफिसशेजारच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या कॉफी घेतली.

वडील गेल्यावर निपाणीचं घर बंद झालं. अव्वा — आईला ती अव्वा म्हणते — इथे राजाजीनगरला प्रणिताच्या मोठ्या भावाकडे, योगीराजकडे आली. वहिनीचं आणि अव्वाचं पटेना. मग अव्वा विसरायला लागली असं अण्णा, म्हणजे हा भाऊ, फोनवर सांगायचा. गॅस चालू ठेवते, नळ चालू ठेवते. जानेवारीत एका सकाळी अण्णा अंघोळीला गेला आणि बाहेर येतो तर दार उघडं, अव्वा नाही. पोलीस, दवाखाने, देवळं, सगळं झालं. फोन कुणाकुणाचे आले, त्यातली एकही अव्वा नव्हती.

"बसवनगुडीत पोस्टर का लावलं?"

"पोस्टर सगळीकडंच लावली ओ. अर्धं बंगलोर मी खांब बघत फिरलीय."

लॅपटॉप उघडला. जुनं बिल्ड. वळण आलं. तिला बघायचं म्हणजे तिच्यासमोर आपटायचं. मी तिच्या मुलीदेखत तिच्या अंगावर बोर्ड घातला, पडले, आणि स्क्रीन लाल व्हायच्या आत थांबवली.

प्रणितानं स्क्रीनवर बोट ठेवलं. पदरावर. "अस्साच घेती ती," म्हणाली. "सकाळी थंडी असती म्हणून." मग इतकंच, "इथं कशी आली ओ ही? राजाजीनगरहून इतक्या लांब? एकटी?"

मी म्हटलं, बस घेतली असेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज प्रणिता सुट्टी घेऊन ऑफिसात आली. गिरीराजला सगळं सांगितलं होतं. तो "काढून टाकली मी तिला," असं दोनदा म्हणाला. मग त्यानं त्या दिवशी गाडी कुठून कुठे गेली ते भिंतीवरच्या नकाशावर दाखवलं. सकाळी वळण. नंतर बाग. त्यापुढचे रस्तेही टिपले, पण ट्रॅक आखताना वापरले नाहीत. ते जुन्या बिल्डमध्ये भिंतींमागे तसेच पडून आहेत.

भिंतींमागे! भिंत बोर्ड गिळते म्हणून मी तीन महिने कटकट करतेय. आज मुद्दाम तिरकी गेले, पूर्ण वेगात. दोनदा पडले. मग भिंतीनं गिळलं.

बाहेर पडले ते गेमच्या बाहेर. तसलं काही मी कधी बघितलं नव्हतं. तिथे आवाजच घातलेला नाही. गाड्या नाहीत, पक्षी नाहीत, फक्त माझ्या बोर्डचा गुंजारव. ऊन सगळीकडे तेच, एका सकाळी थबकलेलं. झाडं समोरून झाडं, बाजूनं गेलं की पापडासारखी पातळ. अर्धीच रिक्षा. दोरीवर वाळत घातलेला एक शर्ट, दोरी नाही. एका ठिकाणी रस्ता संपतो आणि खाली नुसतं पांढरं. शर्यत नाही, स्पर्धक नाहीत. आपटायलाही कुणी नाही. मी बोर्ड इतका हळू कधी चालवला नव्हता.

प्रणिता माझ्या खुर्चीमागे उभी होती. प्रत्येक कोपऱ्यावर हलकेच म्हणायची, "अव्वा?" स्क्रीनला! गिरीराज खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडली. बसलेली. पिशवी मांडीवर.

तिथून पुढे रस्ता सरळ होता. शेवटी एक पांढरी व्हॅन उभी. मागचं दार उघडं. ती दाराशी, एक पाय आतल्या पायरीवर, मान मागे वळवलेली. चढता चढता थांबली असणार, आणि चांगलीच थांबली असणार, नाहीतर पुसली गेली असती.

व्हॅनवर कानडीत एक शब्द. गिरीराजनं वाचला. "नेरळु. म्हणजे सावली." त्याखाली बारीक अक्षरांत, निराधार वृद्धांसाठी.

प्रणितानं लगेच फोनवर त्या नावाचा पत्ता शोधायला घेतला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

गंगव्वा सापडल्या! जिवंत! ठणठणीत!

कनकपुरा रस्त्याला, शहराच्या बाहेर, नारळीच्या बागेत चार खोल्यांचं घर. तिथले व्यवस्थापक देवाप्पा, पांढऱ्या लुंगीतले, हळू बोलणारे. आम्हाला बसवून सगळं सांगितलं. जानेवारीत रस्त्यावर बसलेल्या दिसल्या म्हणून आणलं. नाव विचारलं की मान हलवायच्या. गाव विचारलं की हसायच्या. पोलिसांत द्यायला फोटो काढू गेलं की पदर तोंडावर. सगळे त्यांना नुसतं अज्जी म्हणतात. पालेभाजी निवडून देतात, कुणाशी भांडण नाही. "इथं आल्यापासून एक शब्द बोलल्या नाहीत," म्हणाले.

मागच्या अंगणात त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी थबकले. त्यांनी बारीक काही हालचाल केली की मला दचकायला व्हायचं — त्या हलत होत्या! बोटं चालत होती. पापण्या मिटत होत्या. त्यांच्यापायी मी कितीदा आपटलेय याचा हिशेब माझ्या खांद्याला ठाऊक आहे.

प्रणिता त्यांच्या पायाशी जाऊन बसली. गंगव्वांनी बघितलं. खूप वेळ. मग शेंगांचा हात पदराला पुसला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. बोलल्या नाहीत.

दुपारी योगीराज आला. उंच, दाढी, काळ्या फ्रेमचा चष्मा, ऑफिसचा शर्ट. अंगणात येताच त्यानं त्यांचे पाय धरले. हमसून हमसून रडला. "अव्वा, बाथरूममधनं बाहेर येतोय तर तू नाहीस! कुठं कुठं शोधलं तुला!"

त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. आणि विचारलं, "जेवलास?"

देवाप्पांनी माझ्याकडे बघितलं. पहिला शब्द तो!

सगळे रडलो. मीसुद्धा. योगीराजनं माझे हात धरून आभार मानले. म्हणाला, "त्या गेममध्ये आणखी काय काय दिसतं ओ?"

म्हटलं, काही नाही, भिंती आणि झाडं.

कागदपत्रं व्हायला वेळ आहे. पुढच्या रविवारी तो आईला घरी नेणार.

१५ नोव्हेंबर

गाढ झोपले. आज शनिवार असूनही खेळले, आणि बसवनगुडीत पहिली आले! कॉम्प्युटरला हरवून!

१७ नोव्हेंबर, सोमवार

सगळं लिहूनच काढते.

आज नवा प्रकार आला. उलटा ट्रॅक. तेच रस्ते, पण शेवटाकडून सुरुवातीकडे जायचं. डिझायनरची कल्पना चांगली आहे. सगळं ओळखीचं आणि तरीही सगळं अनोळखी. वळणं उलटी झुकतात, सावली मागे राहण्याऐवजी पुढे धावते.

बोगनवेलीच्या वळणाला मी पहिल्यांदाच पलीकडून आले. गंगव्वा आता तिथे नाहीत. गिरीराजनं आकारही काढलाय, बोर्ड सहज निघून गेला. पण त्या जिकडे बघत असायच्या ती बाजू मी कधी बघितलीच नव्हती. सुलट्या शर्यतीत ती पाठीमागे राहते. त्या शनिवारी मी त्यांच्या जागी उभी राहून बघितलं होतं, तेव्हा समोर नुसता रस्ता होता आणि दुकानं.

गेममध्ये तिथे एक गाडी उभी आहे. राखाडी. उभ्या गाड्या खूप आहेत, गाड्या हलत नाहीत म्हणून उरतात. पण हिच्यात माणूस आहे.

आपटले. मुद्दाम, काचेसमोर.

दाढी. काळ्या फ्रेमचा चष्मा. दोन्ही हात स्टिअरिंगवर. मान वळणाकडे. गंगव्वांचे डोळे पुसट आलेत, याचे स्पष्ट आहेत. तो त्यांच्यापेक्षाही कमी हलला होता.

अंघोळीला गेला होता म्हणे.

गिरीराजला हाक मारली. त्यानं बघितलं, खुर्चीवर बसला, पुन्हा बघितलं. "आपण टिपत होतो तेव्हा ही गाडी त्या गल्लीत पहिल्यापासून शेवटपर्यंत होती म्हणजे," एवढंच म्हणाला. माझ्या डोक्यात चित्र आपोआप हलायला लागलं. तो आणतो. दार उघडतो. उतर म्हणतो. पुढे जाऊन थांबतो. ती उभी. तो बसलेला. आमची कॅमेऱ्याची गाडी दोघांच्या मधून जाते, येते, जाते, येते. कुणीच हलत नाही.

रविवारी तो तिला घरी नेणार. मीच शोधून दिली! माझ्याच हातानं!

प्रणिताला सांगू की नको? तिचा भाऊ आहे. वडील नाहीत. सांगितलं तर तिचं घर मोडेल. नाही सांगितलं तर ती बाई पुन्हा त्याच गाडीत बसेल, आणि पुढच्या वेळी कुठल्या वळणावर? देवाप्पांना फोन करून निघू देऊ नका म्हणू? कुठल्या नात्यानं? गिरीराज म्हणाला, "नात्याचं काय, तूच बघितलंयस ना. सरी, ठीक आहे, प्रणिताला पाठव." तरी मी संध्याकाळपर्यंत त्या काचेमागच्या चेहऱ्याचा फोटो नुसता उघडून बसले.

शेवटी पाठवला. सोबत काही लिहिलं नाही. दोन्ही खुणा निळ्या झाल्या.

१८ नोव्हेंबर

प्रणिताचा फोन. सकाळीच जाऊन अव्वाला फोटो दाखवला म्हणाली. अव्वानं चष्मा मागितला, नीट बघितलं, आणि बोलायला लागली. निपाणीचा पत्ता, राजाजीनगरचा घर नंबर, अण्णाचा फोन नंबर, सगळं घडाघडा. काही विसरलेली नाही. कधीच नव्हती.

"मग सांगितलं का नाहीस गं, मी म्हटलं. तर म्हणती, सांगितलं असतं तर त्याला येऊन न्यावं लागलं असतं. तो गाडीत बसून होता तंवर मी हलले नाही, म्हणती. तो गेला, मग मी गेले."

रविवारी ती जाणार नाही. तिथेच राहणार. प्रणिता रडत होती. मी विचारलं, अण्णाला काय सांगणार?

"काही सांगू नको म्हणालीय. त्याला वाटू दे, मी विसरले."